न विचारणारं दार

ही गोष्ट खरी आहे.

माझ्या कानांवर माझाच पुरता भरवसा नाही, म्हणून सांगताना अडखळतो. पण त्या दिवशी गावात ज्यांचा रेडिओ चालू होता, त्या सगळ्यांनी ते ऐकलं आहे.

ऑगस्टचा पहिला शुक्रवार. भर दुपार. बोलिव्हियाच्या डोंगरातलं आमचं खाणीचं गाव, उमापाता, आणि तिथलं खाण कामगारांच्या युनियनचं रेडिओ केंद्र.

मी तिथे दर शुक्रवारी पुस्तकं वाचतो. थेट बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळ्याला चिकटते. म्हणून बेत्साबे माझा आवाज आधी ध्वनिमुद्रित करून सर्व्हरवर ठेवते. पुढचं सगळं आपोआप होतं.

बेत्साबे आमची तंत्रज्ञ. तिचा नवरा फेर्मिन खाणीत.

त्या सर्व्हरच्या प्रणालीत एक भोक निघालं होतं. आपण कोण हे न सांगता कुणीही, कुठूनही, आत फाईल टाकू शकत होतं. दुसऱ्याच्या फाईलवर आपली बसवूही शकत होतं. दुरुस्ती आलेली होती, पण मग प्रत्येकाला पासवर्ड लागला असता. खाणीच्या तोंडाशी थंडीनं बोटं आखडलेली आमची माणसं मोबाईलवरून बातमी पाठवतात. त्यांना ते जमलं नसतं. बेत्साबेनं दार तसंच उघडं ठेवलं.

"इथवर चोर कशाला येतोय, मास्तर?" ती म्हणायची. "हा चढ चढताना ओझी वाहणाऱ्या लामा जनावरालाही दम लागतो."

आमच्याकडे माणूस मेला की रेडिओवर ढोल वाजतो आणि त्याचं नाव वाचतात. नाव वाचल्याशिवाय कुणी खड्डा खणायला जात नाही.

खाणीतल्या सातुर्निनोचं नाव मात्र वाचलं गेलं नाही.

खनिजचोर समजून बोगद्यात त्याला आपल्याच लोकांनी फावड्यांनी मारलं. जबडा तुटून छातीवर लोंबत होता. आईनं त्याला ओळखलं ते पायमोज्यांवरून. तिनेच विणलेले होते.

युनियन म्हणाली, चोराला ढोल नाही.

त्याची म्हातारी आई केंद्राच्या दाराशी आली. पहारेकऱ्यानं विचारलं, तू कोण, कुणी पाठवलं. ती परत फिरली. खड्डा तिने एकटीनं खणला.

मारणाऱ्यांत फेर्मिन होता. गावाला ठाऊक होतं. बेत्साबेलाही.

त्या शुक्रवारच्या आदल्या आठवड्यात रेडिओवर बाजारभाव चालू असताना मध्येच...

धप्.

ओल्या पोत्यावर फावडं आपटावं तसा आवाज. पुन्हा. पुन्हा. मग कुणाचा तरी घरघरणारा श्वास. मग ढोल, आणि इलारिओनचं नाव. तोही मारणाऱ्यांतलाच.

इलारिओन तेव्हा गुत्त्यात जिवंत बसला होता. खूप हसला म्हणे. "सासूला सांगा, तिचा नवस पावला."

दिवस मावळायच्या आत तो गुत्त्यामागे सापडला. एक हाड शाबूत नव्हतं. आसपास कुणी नव्हतं.

फाईल कुठून आली, ते बेत्साबेनं शोधलं. पाठवणाऱ्याची जागा रिकामी होती.

तर तो शुक्रवार. मी आणि बेत्साबे केंद्राच्या खोलीत बसून माझाच कार्यक्रम ऐकत होतो. माझा आवाज पहिलं पान वाचत होता.

मध्येच तो थांबला...

धप्.

बेत्साबेनं कप खाली ठेवला.

धप्. धप्. काहीतरी कडकन मोडलं. श्वास. ढोल.

आणि मग... माझाच आवाज.

"कळवण्यास दुःख होते, फेर्मिन आर्से आपल्यात राहिले नाहीत."

नावानंतर मी जसा आवंढा गिळतो, तसाच गिळलेला.

"मास्तर, हे कधी वाचलंत?"

"मी नाही वाचलं."

"आवाज तुमचा आहे."

खरंच नव्हतं ना वाचलं? मी विसरतो हल्ली.

फेर्मिन त्या वेळी खाणीत होता. महिन्याचा पहिला शुक्रवार, सगळे तियोसमोर, खाणीतल्या त्या सैतान-देवाच्या मूर्तीसमोर, दारू शिंपडत, कोकाची पानं वाहत बसलेले. तिने फोन लावला. तिथे खाली फोन लागत नाही.

मी चाचरत म्हणालो, "सातुर्निनोचं नाव वाचू या. आत्ता. मी थेट वाचतो."

"आधी मी दार लावते," ती म्हणाली. "मग तुमचं ते नाव."

तिने दुरुस्ती बसवली. सर्व्हर बंद होऊन पुन्हा सुरू होऊ लागला. रेडिओ मुका झाला.

खाणीच्या पंपाची घरघर थांबली. कुत्री थांबली. वाराही...

मग आमच्या खोलीच्या लोखंडी दारावर फावडं बसलं.

पत्रा आत आला. दुसरा घाव. तिसरा. बिजागरी सुटून माझ्या पायाशी पडली. बेत्साबे टेबलाखाली शिरली. माझ्या तोंडून कसं निघालं कोण जाणे.

"कोण आहे?"

घाव थांबले.

मग दारापासून दूर जाणारी पावलं... बूट नसलेली. मोज्यांची.

थोड्याच वेळात खाणीचा अपघाताचा भोंगा वाजला.

सोबतचे सांगतात, फेर्मिन पेला हातात घेऊन उभा होता. अचानक तो भिंतीवर आपटला. मग समोरच्या भिंतीवर. हाडं मोडताना सगळ्यांनी ऐकली. त्याचे पाय धरायला धावलेल्याचं मनगट तुटलं. मारणारा कुणाला दिसला नाही. त्याला वर आणलं तेव्हा जबडा छातीवर लोंबत होता.

त्या संध्याकाळी मी थेट मायक्रोफोनसमोर बसलो. युनियनला विचारलं नाही. ढोल वाजवला आणि सातुर्निनोचं नाव वाचलं. जीभ चिकटली नाही.

बेत्साबेनं नवऱ्याला पुरलं, आणि कामावर आल्या दिवशी बसवलेली दुरुस्ती काढून टाकली.

"उघडंच राहू दे, मास्तर," ती म्हणाली. "लावलं की तो या दाराशी येतो."

आता प्रसारणाआधी मी माझा प्रत्येक कार्यक्रम शेवटपर्यंत ऐकतो. अजून त्यात कुणाचं नाव आलेलं नाही.

मात्र गेल्या शुक्रवारचं वाचन मुद्रित करताना पान उलटताना मी श्वास घेतला, आणि फाईलमध्ये तो श्वास दोनदा ऐकू आला.

दुसरा माझा नसावा, असं वाटतं.