बेचाळिसावा

फोन खुद्द उपायुक्तांचा होता. उपायुक्त स्वतः फोन करतात तेव्हा काम कायद्याचं नसतं, ओळखीचं असतं, हे इन्स्पेक्टरबाईंना सतरा वर्षांच्या नोकरीत पाठ झालं होतं.

"आमच्या क्लबवर जा. ग्रंथपाल बाईचा खून झालाय. दरवानानं केलाय, सभासदांनी त्याला धरून ठेवलंय. पंचनामा उरक, त्याला घे आणि नीघ. तीनला वार्षिक सभा आहे. त्याच्या आत तुझी गाडी दारातून हलली पाहिजे."

"सर, दरवानानंच केलाय हे कोण म्हणतंय?"

"ते म्हणताहेत ना? मग झालं तर."

'आमच्या क्लबवर' म्हणजे शहरातल्या त्या मोठ्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा क्लब. उपायुक्त त्या शाळेचे. त्यांच्या आधीचे उपायुक्तही त्याच शाळेचे. निम्मं न्यायालय, सगळी मोठी इस्पितळं आणि वर्तमानपत्रांचे दोन मालकही तिथलेच. इन्स्पेक्टरबाईंच्या शाळेला पत्र्याचं छप्पर होतं, आणि तिचे माजी विद्यार्थी एकमेकांना भेटलेच तर भाजी घेताना भेटत. बाई गाडीत बसल्या तेव्हाच त्यांचं डोकं तापलेलं होतं.

क्लबच्या दुसऱ्या मजल्यावर एक अरुंद बोळ होता आणि बोळाच्या टोकाला दप्तराची खोली. खोलीच्या दाराबाहेर, बोळाच्या बरोबर मधोमध, फरशीत परातीएवढा पितळी सूर्य बसवला होता. तेच शाळेचं बोधचिन्ह. घासून घासून लखलखत होता, पण आज त्यावर काळ्या शाईचा फराटा उमटला होता. कुणीतरी शाईत पाय भरून खोलीतून बाहेर पळालं होतं. ठसा घसरलेला, त्यावरून बूट ओळखणं अशक्य.

आत टेबल आणि कपाटाच्या मधे ग्रंथपाल पडली होती. पन्नाशीची बारीक बाई. डोक्यामागे जखम, शेजारी जड करंडक, उलटलेली शाईची बाटली. शाळेच्या शताब्दीसाठी सगळ्या माजी विद्यार्थ्यांची नवी यादी करायला सहा महिन्यांपूर्वी तिला नेमलं होतं. बाहेरची, पगारी. टेबलावर तिच्या नेटक्या अक्षरात पेन्सिलीची एक चिठ्ठी होती: '४१ की ४२?' खाली दोन रेघा.

कपाटात प्रवेशाच्या वह्या वर्षवार लावलेल्या होत्या. रांगेत एकच फट होती. भिंतीवर मात्र वसतिगृहांचे जुने फोटो ओळीनं टांगलेले होते, ते कुणी हलवले नव्हते. नावं नाहीत, फक्त वर्ष आणि वसतिगृह.

दरवानाला शेजारच्या समितीच्या खोलीत बसवलं होतं. हात पडद्याच्या दोरीनं बांधलेले. माणूस अठ्ठावन्न वर्षांचा. तळहात, गुडघे, बूट, सगळं शाईनं माखलेलं.

"शाई कशी लागली, काका?"

त्याला बहुधा बऱ्याच दिवसांत कुणी काका म्हटलं नसावं. तो खुर्चीत सावरून बसला.

"सव्वाबाराला ताईंचा चहा घेऊन आलो. त्या पडलेल्या. मी गुडघ्यावर बसून डोकं उचललं, मॅडम. मग ओरडलो."

"काल तुमचं भांडण झालं म्हणतात."

"झालं. दिवसभर काम करायच्या आणि जेवायच्या नाहीत. मीच ओरडलो त्यांच्यावर." त्यानं बांधलेल्या हातांकडे पाहिलं. "माझी मुलगी शिक्षिका आहे. उद्या ती वर्गात कशी उभी राहील?"

"तुमच्याशिवाय या मजल्यावर कोण होतं?"

"तिघं साहेब. बाकी सगळे खाली जेवणाच्या हॉलमध्ये. जिन्यापाशी मीच उभा होतो, दुसरं कुणी वर आलं नाही."

तिघंही बोळाच्या अलीकडच्या दिवाणखान्यात बसले होते. तिघांच्या गळ्यात सारखाच टाय. बाई आत आल्या तर एकानंही खुर्ची सोडली नाही.

तिघांतल्या निवृत्त न्यायमूर्तींनीच सुरुवात केली. "अजून तो माणूस इथेच? इतका वेळ काय करताय?"

"काम करतेय. बारा ते सव्वाबारा आपण कुठे होतात?"

"इथे. डुलकी लागली होती."

"मी बाल्कनीत, फोनवर," म्हणाले डॉक्टर. शहरातलं सगळ्यात मोठं इस्पितळ त्यांचं.

"मी हात धुवायला गेलो होतो," म्हणाले क्लबचे चेअरमन. भरदार देह, करडा सूट. शहरातल्या निम्म्या नेमणुका यांच्या शिफारशीवर होतात असं बाईंनी ऐकलं होतं.

"आज दप्तराच्या खोलीत कोण गेलं होतं?"

"कुणीच नाही," तिघांनी सांगितलं. दरवान ओरडल्यावर दाराबाहेरून पाहिलं, आत पाऊल टाकलं नाही.

"आणि मला खात्री आहे की खून त्यानंच केला," न्यायमूर्ती उठत म्हणाले. "चला, दाखवतो."

तिघंही बोळात आले. न्यायमूर्ती पुढे, मान बाईंकडे वळवून सारखे बोलत. सूर्यापाशी ते न पाहताच डावीकडे सरकले आणि वाक्य न तोडता पलीकडे गेले. डॉक्टर फोनमध्ये डोकं घालून चालले होते, तेही तसेच उजवीकडून गेले. चेअरमन सूर्यापाशी थांबले, खाली पाहिलं आणि पाय जपून टाकत कडेनं गेले. तिघांत शाळेवर खरी भक्ती याच माणसाची दिसते, असं बाईंना वाटलं.

"शाळेच्या सभागृहात असाच सूर्य आहे," न्यायमूर्ती सांगत होते. "दहाव्या वर्षी आम्ही वसतिगृहात आलो. पहिल्याच दिवशी ताकीद मिळते, सूर्यावर पाय पडला तर सहा छड्या. आठ वर्षं रोज दहादा त्याच्या बाजूनं चालायचं. आमच्यापैकी कुणाचाही पाय त्यावर पडूच शकत नाही. हा पाय बाहेरच्या माणसाचा आहे. नोकराचा. कळलं?"

"कळलं," बाई म्हणाल्या. "तुम्ही तिघं एकाच वर्षाचे?"

"एकाच. सगळ्यात नामांकित वर्ष. आमच्या वर्षाचे बेचाळीस जण आहेत यादीत, एकेक बघा काय पदाला आहे."

"अजून सगळे एकमेकांना शाळेतल्याच नावानं हाक मारता?"

पहिल्यांदाच कुणाच्या तरी चेहऱ्यावर हसू आलं. "वसतिगृहात पहिल्या महिन्यात नाव पडतं ते मरेपर्यंत," डॉक्टर म्हणाले. "मी काडी. हा बेडूक. पोहताना बुडाला होता."

"आणि चेअरमनसाहेब?"

"वाघ," चेअरमन म्हणाले. "मला वाघ म्हणायचे."

न्यायमूर्तींनी भुवया उंचावल्या.

बाईंचा फोन वाजला. उपायुक्त. "अडीच झाले. तू सभासदांना प्रश्न विचारतेयस असं कळलं."

"हो, सर."

"कुणाच्या अंगाला, कपड्याला हात लावायचा नाही. लावलास तर उद्यापासून शहराबाहेरच्या नाक्यावर ट्रक मोजत बसशील."

बाईंनी फोन खिशात टाकला. घर आणि मुलांच्या शाळा, सगळं या शहरात होतं. पण शेजारच्या खोलीत एक माणूस दोरीनं बांधून ठेवला होता, आणि या तिघांना त्याची काडीचीही फिकीर नव्हती. बाई दप्तराच्या खोलीत गेल्या, दार लावून घेतलं आणि ज्या वर्षाची वही गायब होती त्या वर्षाच्या दोन फोटोंपुढे उभ्या राहिल्या. वरचं वसतिगृह. खालचं वसतिगृह. शाळेत बाहेरून येऊन-जाऊन शिकणारं कुणी नसे. त्यांनी बोट लावून डोकी मोजली. मग पुन्हा मोजली.

बाहेर आल्या तेव्हा हवालदाराला सांगून त्यांनी दरवानालाही दिवाणखान्यात आणवलं.

"याला इथे कशाला?" डॉक्टर म्हणाले.

"ज्याच्यावर आळ घेतलात त्यालाही ऐकू दे. न्यायमूर्तींचं एक म्हणणं मला शंभर टक्के पटलंय. या शाळेत वाढलेल्या माणसाचा पाय त्या सूर्यावर पडणार नाही."

"मग न्या त्याला."

"काका तीस वर्षं रोज सकाळी तो सूर्य घासतात. आत्ता हात बांधलेले असताना बोळातून आणले, तेव्हाही ते कडेनंच आले. हवालदाराला विचारा. त्यांचा पाय तुमच्याइतकाच सरावलेला आहे. मग सूर्यावरून पळालं कोण?"

डॉक्टरांनी हातातला फोन खाली ठेवला. बाई पुढे बोलू लागल्या.

"ग्रंथपालबाईंची पद्धत साधी होती. यादीतलं प्रत्येक नाव त्या शाळेच्या प्रवेशाच्या वहीशी ताडून पाहायच्या. एका वर्षापाशी त्या अडल्या. तुमच्या वर्षापाशी. यादीत बेचाळीस नावं आणि वहीत एक्केचाळीस. खुन्यानं वही पळवली, पण भिंतीवरच्या फोटोंकडे त्याचं लक्ष गेलं नाही. वरच्या वसतिगृहात वीस मुलं आहेत. खालच्या वसतिगृहात एकवीस. मोजून या."

"म्हणजे काय?" न्यायमूर्ती म्हणाले.

"सांगते. आधी तुम्ही सांगा, तुम्ही कुठल्या वसतिगृहात होता?"

"खालच्या."

"डॉक्टर?"

"वरच्या."

"आणि चेअरमनसाहेब?"

"वरच्या," न्यायमूर्ती म्हणाले.

"खालच्या," डॉक्टर त्याच क्षणी म्हणाले.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग दोघांनीही हळूहळू चेअरमनकडे पाहिलं.

"काडी, तो तुमच्याकडे नव्हता?"

"मला वाटायचं तुमच्याकडे होता."

"तीस वर्षं दोघांनाही असंच वाटत राहिलं," बाई म्हणाल्या. "विचारायचं कुणी? गळ्यात टाय आहे, बोलणं तुमच्यासारखं आहे, तुमची कामं करून देतो. अशा माणसाला 'तू नक्की आमचाच ना' असं विचारणं तुमच्यात असभ्य समजतात. दरवानाला दारात रोज ओळखपत्र दाखवावं लागतं. यांना कुणी कधी काही दाखवायला सांगितलं नाही."

चेअरमन शांतपणे म्हणाले, "बाई, तुमची नोकरी गेली असं समजा."

"समजते. पोरं एकमेकांना काडी म्हणतात, बेडूक म्हणतात. दहा वर्षांच्या पोरांनी वसतिगृहात कुणाला वाघ म्हटल्याचं मी तरी ऐकलं नाही. ते नाव माणूस स्वतःला ठेवतो. आणि तुमचं चालणं. हे दोघं सूर्याकडे न बघता वळले, तुम्ही थांबून, खाली बघून वळलात. मला आधी ती भक्ती वाटली. पण ते मोठेपणी शिकलेलं होतं, आणि जिवावर बेतल्यावर माणूस असं शिकलेलं पहिलं विसरतो. तुम्ही मधूनच पळालात." बाईंनी श्वास घेतला. "आज आपण खोलीत गेलोच नाही असं तुम्ही सांगितलंयत. बूट काढा."

"उपायुक्तांना फोन लावा!" चेअरमन गरजले. "बेडूक, सांग हिला!"

ती हाक ऐकून न्यायमूर्तींचं तोंड कडू झालं. "मला त्या नावानं हाक मारायची नाही," ते म्हणाले. "बूट काढ."

चेअरमननी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांनी मान फिरवली.

बूट निघाले. तळवा घासून पुसलेला होता, पण उजव्या बुटाच्या शिवणीच्या दोऱ्यात काळी शाई मुरली होती. सव्वाबारापासून त्यांना क्लबमधून बाहेर पडायची संधीच मिळाली नव्हती.

"मी हात जोडले तिच्यापुढे," चेअरमन खुर्चीत कोसळत म्हणाले. "आज सभेत यादी वाचणार होती. म्हटलं, एक नाव राहू दे, तुझं काय जातंय? तर म्हणाली, मी चुकीची यादी छापत नाही. एवढंच. वही मिटली आणि पाठ फिरवली माझ्याकडे." मग त्यांनी दोघांकडे पाहिलं. "तुमची पोरं मी कामाला लावली. तुमच्या भानगडी मी निस्तरल्या. मी तुमच्यापेक्षा जास्त तुमचा होतो!"

वही समितीच्या खोलीतल्या सोफ्याखाली सापडली. त्या वर्षाचं पान शाबूत होतं. त्यावर एक्केचाळीस नावं होती.

हवालदार चेअरमनना घेऊन गेला तेव्हा न्यायमूर्ती रुमालानं कपाळ पुसत होते. "तीस वर्षं आमच्या पंक्तीला बसला," ते डॉक्टरांना म्हणाले. "केवढी फसवणूक!" डॉक्टर म्हणाले, "तरी बरं, आपल्यातला नव्हता." मेलेल्या बाईबद्दल दोघंही अवाक्षर बोलले नाहीत. बाईंना ओरडावंसं वाटलं. त्या ओरडल्या नाहीत, पण त्या दोघांची त्यांना मनापासून किळस आली.

उपायुक्तांचा फोन आलाच. "शाबास. पत्रकात पहिल्याच ओळीत घाल, आरोपीचा शाळेशी काहीही संबंध नाही."

दरवानाच्या हाताच्या गाठी बाईंनी स्वतः सोडल्या. दोरीचे वळ उठले होते. त्याची माफी मागायला कुणी आलं नाही, आणि येईल अशी त्याची अपेक्षाही दिसली नाही.

जिन्यावर तो थांबला. "मॅडम, एक विचारू? तो खरंच इथला असता, तर त्यांनी त्याला बूट काढायला लावले असते?"

कायदा सगळ्यांना सारखा असतो, असं सांगता आलं असतं. हे वाक्य बाईंनी शाळांमधून, व्याख्यानांतून कितीदा म्हटलं होतं.

"नाही, काका."

"मग माझं काय झालं असतं?"

"तुम्हाला मी घेऊन गेले असते."

त्यानं त्यांच्याकडे पाहिलं. रागानं नाही, आणि तेच बाईंना सोसेना. मग तो म्हणाला, "ताईंची आई घरी एकटी असते. अजून कुणी कळवलं नसेल."

"पत्ता माहीत आहे?"

"आहे."

बाईंनी गाडीचं पुढचं दार उघडून त्याला आपल्या शेजारी बसवलं.