मोरीवर सांगतो

तांबूला चालताना काही आठवत नसे. तो थांबला की मात्र सगळे आठवे.

केतकी मयेकरला हे इतके सवयीचे होते, की त्यात काही कोडे आहे असे तिला कधी वाटलेच नव्हते. तांबू म्हणजे तिच्या आबांनी, डॉक्टर दिगंबर मयेकरांनी, घरीच बनवलेला यंत्रमानव. केतकीची आई समुद्रातल्या पवनचक्क्यांवर अभियंता होती आणि केतकीची शाळा चालू असे तेव्हा ती तिथल्या तरंगत्या वसाहतीत राही. त्यामुळे केतकीला भरवणे, तिची वेणी घालणे आणि सकाळी शाळेच्या सौरहोडीपर्यंत तिला पोहोचवणे ही कामे पहिल्यापासून तांबूकडे होती.

घरापासून धक्क्यापर्यंतची वाट सुरूच्या बनातून जाई. वाटेत केतकीने काही विचारले की तांबू म्हणे, "मोरीवर सांगतो." मग ओढ्यावरची मोरी येई. तांबू कठड्यापाशी उभा राही, त्याच्या छातीत बारीक घरघर होई आणि उत्तर येई. पुढच्या प्रश्नाचे उत्तर होड्यांच्या शेडपाशी. त्याच्या पुढच्याचे थेट धक्क्यावर.

कोडे दाखवून दिले ते झुबेरने. तो केतकीच्या वर्गात नवीन होता आणि होडीची वाट पाहत धक्क्यावर उभा असे.

"तुझा यंत्रमानव बोलायचं असलं की ब्रेक का लावतो?" त्याने विचारले.

"तो विचार करून बोलतो. तुझ्यासारखा नाही."

"चालता चालता विचार करता येत नाही त्याला? माझी दादी पापड लाटताना दुसऱ्या खोलीतल्या तिघांना ओरडते."

केतकीला राग आला. पण होडी सुटली तरी प्रश्न डोक्यातून सुटला नाही. खरेच, का बरे?

त्यानंतरच्या सोमवारी तांबू मोरीवर थांबला आणि बोललाच नाही. छातीतून नेहमीच्या घरघरीऐवजी आवाज आला : टक... टक... टक. त्याने मान वळवून केतकीकडे पाहिले. अनोळखी माणसाकडे पाहावे तसे.

"आपण कोण?" तो म्हणाला.

केतकीने दप्तर तिथेच टाकले. "तांबू, मी केतकी."

टक... टक. मग घरघर सुरू झाली. "केतकी," तो म्हणाला. "दप्तर उचल. कठड्यावर मुंग्या आहेत."

त्या दिवशी केतकी शाळेत गेली नाही. ती तांबूचा हात धरून त्याला घरी घेऊन आली.

आबा परसातल्या झोपडीत होते. निवृत्त होण्यापूर्वी ते भूचुंबकीय वेधशाळेत काम करत. भूचुंबकीय म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वासंबंधीची. तिथली सुई इतकी हळवी, की खिशातल्या किल्लीनेही ती बिचकावी. आबा निवृत्त झाले, पण ती शिस्त निवृत्त झाली नाही. आता ते परसात आपल्यापुरती मोजणी करत आणि घरात लोखंड शक्य तितके येऊ देत नसत. दाराशी वेताची टोपली होती. येणाऱ्याने किल्ल्या, पट्टा, छत्री तिच्यात ठेवायची. एकदा पोस्टमन पट्टा काढून एका हाताने विजार धरून बसला होता. तांबूसुद्धा याच शिस्तीत जन्मला. त्याचे अंग तांब्याचे आणि सागाचे. पायांत मोटारी नाहीत, दाबलेली हवा. म्हणून तो चाले तेव्हा आवाज होई : फुस्स-धप, फुस्स-धप.

आबांनी तांबूच्या छातीला कान लावला आणि बराच वेळ ऐकले.

"तबकडी थकलीये," ते म्हणाले.

"कसली तबकडी?"

"बस. तुला आधी नीट सांगतो. तांबू, तूही बस. तुझ्याच पोटातलं आहे."

तांबू फुस्स करून बसला.

"याला बनवला तेव्हा माझ्याकडे एक जुना लॅपटॉप होता," आबा म्हणाले. "तोच याच्या छातीत बसवला. त्यात हार्ड डिस्क आहे (फिरत्या तबकडीवर माहिती साठवणारी पेटी). तबकडीवर चुंबकीय लेप असतो. त्या लेपात अतिसूक्ष्म ठिपके आहेत असं समज. प्रत्येक ठिपका म्हणजे एक इवलंसं होकायंत्र. सुई इकडे असली तर एक, तिकडे असली तर शून्य. तू, मी, मोरी, मुंग्या, जे जे याला ठाऊक आहे ते अशा अब्जावधी सुयांच्या क्रमात लिहिलेलं आहे."

"आणि ते वाचतं कोण?"

"हेड (तबकडीवरचं वाचणारं आणि लिहिणारं टोक). तबकडी गरगर फिरते, आणि हेड तिला न टेकता वर तरंगतं. मधली फट किती? तुझ्या केसाच्या जाडीचे दहा हजार भाग केले तर त्यातल्या एका भागाहूनही कमी. आता सांग, अशा वेळी कोणी धक्का दिला तर?"

"टोक तबकडीला घासेल."

"घासलं की ओरखडा. तिथलं लिहिलेलं गेलं. म्हणून त्यात संवेदक बसवलेला असतो (हादरा ओळखणारा भाग). हादरा आला की तो हेड चटकन उचलून बाजूला ठेवतो. सगळं शांत झालं की परत आणतो."

केतकीने तांबूच्या पायांकडे पाहिले. फुस्स-धप. फुस्स-धप.

"म्हणजे याचं प्रत्येक पाऊल म्हणजे हादरा!" ती म्हणाली. "चालताना हेड सारखं उचललेलंच. म्हणून वाचता येत नाही. म्हणून आठवत नाही!"

"शाब्बास."

"मग चालताना 'मोरीवर सांगतो' कसं म्हणता येतं याला?"

"तेवढं हाताशी असतं. बाहेर जाताना आपण चार गोष्टी खिशात घेतो ना, तशी याला एक छोटी तात्पुरती स्मृती आहे. बाकीचं सगळं तबकडीच्या कोठारात."

"मला हे कोणी सांगितलं नव्हतं," तांबू म्हणाला. "मला वाटायचं, चालताना बोलणं वाईट दिसतं."

केतकी हसली. आबा हसले नाहीत.

"इतकी वर्षं धक्के खाऊन हेड आता चुकायला लागलंय. टक टक म्हणजे ते जागा शोधतंय आणि त्याला सापडत नाहीये. एक दिवस अजिबात सापडणार नाही. त्याआधीच तबकडी काढून एसएसडी बसवायला हवी (एकही हलणारा भाग नसलेली साठवण). माझ्याकडे एक आहे."

टेबलाच्या खणातून त्यांनी ती काढली. च्युइंगगमच्या पट्टीएवढी चपटी हिरवी पट्टी, तिच्यावर काळे चौकोन.

केतकीने ती हातातही घेतली नाही. "आणि जुनी काढून टाकणार? मग तांबू जाईल. अंग याचंच राहील आणि आत दुसराच कोणीतरी येईल."

आबांनी तिला खिडकीपाशी नेले. तिथून खाडीकाठचे मिठागर दिसे : बांध घातलेले चौकोनी कप्पे, काही पाण्याने चमकणारे, काही कोरडे.

"उधाणाला पाणी बांधावरून आत चढतं. ओहोटी लागली तरी आत चढलेलं पाणी राहतं, कारण बांध आहे. हो ना? या पट्टीत तसेच कप्पे आहेत, फक्त अब्जावधी आणि डोळ्यांना न दिसणारे. त्यांत पाण्याऐवजी इलेक्ट्रॉन (विजेचे अतिसूक्ष्म कण). भोवती बांधासारखा विद्युतरोधक थर (वीज अडवणारा पातळ पापुद्रा). विजेचा जोराचा रेटा दिला की कण थरापलीकडे जाऊन कप्प्यात अडकतात. रेटा थांबवला, यंत्र बंद केलं, तरी ते आतच. याला म्हणतात फ्लॅश स्मृती. भरलेला कप्पा म्हणजे शून्य, रिकामा म्हणजे एक. फिरणारं काही नाही, तरंगणारं काही नाही. धक्का बसला तर बसला."

"पण ते पाणी नवीन असेल. तांबू जुन्यातच राहील."

"सुयांत तांबू नाही, केतकी. पाण्यातही नाही. कोणती सुई कुठे वळलीये, त्या क्रमात तांबू आहे. तोच क्रम इथे कप्प्यांत उतरवायचा. एकही जागा न बदलता."

"आणि उतरवताना चुकलं तर?"

आबांनी चष्मा काढून पुसला. "चुकू शकतं," ते म्हणाले. "तबकडी थकलेली आहे. खोटं सांगणार नाही."

"मला विचाराल का?" तांबू म्हणाला.

दोघांनी वळून पाहिले.

"आज मोरीवर मी हिला ओळखत नव्हतो. हिने दप्तर टाकलं आणि ते का टाकलं तेही मला कळलं नाही. तसं पुन्हा व्हायला नको. बदला."

केतकीने त्याचा तांब्याचा पंजा धरला. आबांनी त्याच्या मानेमागचे बटण दाबले आणि घरघर थांबली. ती थांबल्यावरच केतकीच्या लक्षात आले, की हा आवाज घरात नेहमी असे.

छातीचे झाकण उघडायला आबांनी पितळी पेचकस घेतला. स्क्रू होते तांदळाच्या कणीएवढे. पहिला निघाला, दुसरा निघाला, आणि तिसरा टुणकन उडून लॅपटॉपच्या आत, पट्ट्यांच्या फटीत जाऊन पडला.

"लोकांच्या पेचकसाला टोकाशी चुंबक असतं," आबा पुटपुटले. "स्क्रू चिकटून वर येतो."

"मग आपला आणा."

"आपल्याकडे कुठला! या घरात मी तीस वर्षं सुटं चुंबक येऊ दिलेलं नाही."

केतकीने कपाळावर हात मारला. जगातल्या चुंबकांचा अभ्यास करणाऱ्याच्या घरी एक चुंबक मिळेना! मग ती परसात धावली. फणसाला कुयऱ्या (कोवळी फळे) लागल्या होत्या. तिने एका देठाला नखाने टोचले आणि पांढरा चीक काडीच्या टोकावर घेऊन आली.

"चीक? त्या लॅपटॉपमध्ये?" आबा ओरडले.

"टोकावर मोहरीएवढाच आहे. तुम्ही हात हलवू नका आणि बोलू पण नका."

काडी फटीत गेली, थांबली, आणि स्क्रू चिकटून वर आला. आबांनी श्वास सोडला. "वेधशाळेत असतीस तर तुला बढती दिली असती," ते म्हणाले.

जुनी पेटी आणि नवी पट्टी दोन्ही आबांच्या संगणकाला तारांनी जोडल्या. पेटी थंड राहावी म्हणून शहाबादी फरशीवर ठेवली. "चालू नकोस," आबांनी केतकीला बजावले, "फरशी हादरेल." म्हणून ती भिंतीला टेकून बसली. पडद्यावर निळी रेघ सरकू लागली. पेटी घरघरत एकेक सुई वाचत होती, आणि पट्टीत, काहीही आवाज न करता, कप्पे भरत होते.

दुपार कलली. रेघ शेवटाजवळ आली आणि अडली. टक... टक... टक.

आबांनी पुन्हा वाचून पाहिले. पुन्हा. पेटीला विश्रांती देऊन आणखी एकदा.

"एक जागा वाचता येत नाही," ते शेवटी म्हणाले. "ओरखडा आहे. ती सोडून पुढे जावं लागेल."

"तिथे काय होतं?"

"कळायला मार्ग नाही. वाचता आलं असतं तर कळलं असतं."

केतकीने गुडघ्यांत तोंड खुपसले. तिथे काय असेल? तिची वेणी? आईचे नाव? ती स्वतः? "सोडा," ती म्हणाली, पण मान वर केली नाही.

रेघ पुरी झाली. आबांनी पट्टी तांबूच्या छातीत बसवली, झाकण लावले, मानेमागचे बटण दाबले. केतकी घरघरीची वाट पाहू लागली. घरघर झालीच नाही. तिने घाबरून आबांकडे पाहिले.

"केतकी," तांबू म्हणाला, "वेणी सुटलीये. इकडे ये."

ती त्याच्या छातीला बिलगली. आत अगदी शांत होते. तांबे मात्र नेहमीसारखेच गार लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघे निघाली. फुस्स-धप, फुस्स-धप.

"तांबू, सुरूच्या पानांना..."

"ती पानं नाहीत, बारीक फांद्या आहेत. खरी पानं खवल्यांएवढी असतात, पेरापेरावर."

"प्रश्न तरी पुरा करू दे!"

"क्षमा. उत्तर फार लवकर येतंय."

केतकी हसली, पण तिला थोडे चुकल्यासारखे वाटले. आता थांबायचे कारणच उरले नव्हते. वाट आज लवकर संपणार होती.

मोरी आली, आणि तांबू कठड्यापाशी थांबला.

"का थांबलास? मी काही विचारलं नाही."

"नाही," तांबू म्हणाला. "पण इथे थांबायचं असतं, हे माझ्यात आहे. पहिल्यांदा का थांबलो, ते नाही. शोधलं. ती जागा कोरी आहे."

केतकीला एकदम कळले की ओरखड्यात काय गेले होते.

"ते मला माहीत आहे," ती म्हणाली. ती कठड्यावर बसली, मुंग्या बघून. "मी चार वर्षांची होते. चालताना तुला विचारलं, मासे झोपतात का. तू काहीच बोलेनास. मला वाटलं तू रागावलास. मी रडत इथेच बसले, म्हणून तू थांबलास. आणि थांबलास तसा बोललास. तेव्हापासून आपण इथे थांबतो."

ती सांगत होती तेव्हा तांबूच्या छातीत आवाज नव्हता. पण आत कुठेतरी विजेचे कण बांध ओलांडत होते आणि कोऱ्या कप्प्यांत जाऊन बसत होते.

"हेही बांध झिजतात, आबा म्हणाले," तांबू म्हणाला. "पुन्हा पुन्हा लिहून. पुष्कळ वर्षांनी."

"मग आणखी नवं काही निघालेलं असेल. तेव्हा मी उतरवीन तुला. चीक माझ्याकडे असेलच."

धक्क्यावरून झुबेरची हाक आली. होडी लागली होती.

"एक राहिलं," तांबू म्हणाला. "मी उत्तर काय दिलं होतं?"

"तू म्हणालास, थांब, बघू या."

तांबू फुस्स करून वाकला. केतकीही वाकली. मोरीखालच्या सावलीत एक मासा डोळे उघडे ठेवून, झोपल्यासारखा अगदी स्थिर होता. दोघांनी त्याच्याकडे पाहिले, आणि पुन्हा हाक आली तेव्हा ती दोघे बोलत बोलत धक्क्याकडे चालू लागली.