उलार बंडी

त्या दिवशी सकाळपासून आभाळ आलेलं होतं. पडतही नव्हतं अन् हटतही नव्हतं. कापूस फुटलेला, ज्वारी निसवलेली, अन् वारा कुठं जाऊन बसला होता कोण जाणे, झाडाचं पान हलत नव्हतं. दिवाळीत असलं आभाळ कोणाला पाहिजे? माणसं घडीघडी वर पाहत होती. बैलसुद्धा खुंट्यापाशी उगाच पाय बदलत उभे होते.

छप्पन सालची भाऊबीज ती. वऱ्हाड मुंबई राज्यात गेलं, त्याच आठवड्यातली. मी हे डोळ्यांनी पाहिलेलं नाही, पोरंहो. पण ज्याच्यावर गुजरलं त्या रतनसिंगाच्या अन् माझ्या वावराचा बांध एकच. जागलीच्या रात्री त्यानं मला हे कितीकदा सांगितलं, अन् दरवेळी सारखंच सांगितलं. कंदील जरा बारीक करा. सांगतो.

रतनसिंगाचं घर केनवडच्या अलीकडच्या वस्तीवर. त्याचा धाकटा भाऊ उदयसिंग भुसावळला रेल्वेत होता. सुट्टी काढून नवी बायको घेऊन दिवाळीला आला होता. ललिताबाई तिचं नाव. तिला शिरपूरच्या पार्श्वनाथाची मूर्ती पाहायची होती, जमिनीला न टेकता उभी आहे म्हणतात ती. तिकडंच भाऊसिंग मामाचं घर. देव पाहायचा, मामाकडं जेवायचं, अंधार पडायच्या आत परत यायचं, असं ठरलं.

अन् रतनसिंगाचं अजून एक काम होतं. वाटेतल्या फाट्यावरून आत वळायचं अन् गोमतीआत्याला घेऊन यायचं.

गोमतीबाई म्हणजे त्याच्या बापाची बहीण. रांडव बाई, पोरबाळ नाही, सासरच्या वस्तीत एकटीच राहायची. बाप होता तोवर दर भाऊबीजेला बंडी घेऊन स्वतः जायचा. बाप गेला. पहिल्या दिवाळीला बैल लंगडत होता, पुढच्या दिवाळीला वेचणी सुरू होती. बंडी काही गेली नाही. यंदा केनवडच्या बाजारात म्हातारी भेटली.

"रतन, यंदा तरी येशील का रे? मले आता अजून एक साल धीर नाई."

"येतो आत्या. गाठोडं बांधून ठेव."

शब्द दिला. बायकोला, जमनाबाईलाही, सांगून ठेवलं की आत्या येणार, पुरणाचं कर.

सकाळी बंडी फाट्याशी आली तेव्हा रतनसिंगानं बैल आत वळवले. उदयसिंगानं मागून कासरा धरला.

"आता कायले, दादा? म्हातारीले शिरपूरपर्यंत हिंदकळत नेतं का? येतांना घेऊ न."

बोलणं खोटं नव्हतं. रतनसिंगानं बैल पुन्हा सडकेला लावले. पण मन काही सडकेला लागलं नाही. मूर्तीपाशी उदयसिंग बायकोला दाखवत होता, हे पाहा, ते पाहा. रतनसिंग मात्र बाहेर येऊन आभाळ पाहत होता.

मामाकडं पोचले तर अंगणात कोणीच नाही. आता आमच्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. पाहुणी बाई बंडीतून आपली आपण उतरत नाही. घरच्यानं तांब्याभर पाणी आणायचं, पायावर घालायचं, उतर म्हणायचं, मग ती उतरते. ललिताबाई बिचारी पदर सावरून बसून राहिली. मामी धावत आली तोवर उदयसिंग हसत सुटला.

"मामी, बरं झालं गोमतीआत्या संगं नाई. आज अंगनातच मुक्काम पडला असता."

"तिचं नको सांगू," मामा म्हणाले. "ह्या रतनच्या लग्नात बाई दुपार ढळेपर्यंत बंडीतच बसून राह्यली. ऊन तापलं, वऱ्हाड जेवलं, पन बाई उतरत नाई. म्हने, मी माहेरी आली, भीक मांगाले नाई आली. मंग तुहा बाप पंगतीतून उठून तसाच उघड्या पायानं तांब्या घेऊन पळाला."

सगळे हसले. रतनसिंगही हसला. पण पानातली पुरणपोळी त्यानं अर्धी तशीच ठेवली.

निघायला उशीर झाला. मामी ओटी भरते म्हणाली, शेजारचे नव्या सुनेला पाहायला आले. सडकेला लागले तेव्हा दिवस बुडाला होता. द्वितीयेची कोर आभाळात कुठं होती तेही दिसेना. ललिताबाईचं डोकं दुखत होतं. जेठाशी, म्हणजे थोरल्या दिराशी, बोलायचं नाही, म्हणून ती नवऱ्याला म्हणाली, "सांगा न भाऊजींले, आत्याबाईले उद्या आनू म्हना."

फाटा आला.

रतनसिंगानं बंडी थांबवली. आतली वाट काळ्या मातीची, मधात नाला. लांब वस्तीत एक दिवा दिसत होता. एकच. तो त्या दिव्याकडं पाहत राहिला.

"दादा, जागी हाय वाटते म्हातारी," उदयसिंग म्हणाला. "पन आता तिले उठवून नेनं काही खरं नाई. उद्या सकाळीच ये न."

रतनसिंगानं कासरा झटकला. बैल हाकलले.

बैल हलले नाहीत.

पुन्हा हाकलले. तेव्हा बंडी करकरली... अन् पुढून हलकी झाली.

बंडी हाकणारालाच हे कळतं, पोरंहो. मागं ओझं बसलं की बंडी उलार होते. पुढचा धुरा, ज्याला जू बांधतात तो दांडा, वर उठतो, जू मानेवरून सुटतं, जोत्याचा पट्टा बैलाच्या गळ्याला काचतो. डावा बैल घरघरायला लागला.

"उदय, मांगं काहून बसला? पुढं सरक."

"पुढंच हावो दादा. तुह्या पाठीशीच हावो."

"अन् सूनबाई?"

"ते बी इथंच हाय."

"मंग मांगं काय हाय?"

"गवत. अन् मामीची टोपली."

रतनसिंग स्वतः धुऱ्यावर सरकून बसला. सगळा भार टाकला. जू जरा खाली आलं. बैल चालायला लागले. हळू... फार हळू. चढ नव्हता. चिखल नव्हता. तरी हळू.



ललिताबाईनं नवऱ्याचा हात धरला. तिनं मागं पाहिलं. मग पुन्हा नाही पाहिलं. मागं काही नव्हतंच, असं ती नंतर म्हणायची. पण गवत बसलेलं होतं. दबलेलं.

रतनसिंगानं मागं वळून पाहिलं नाही. एकदाच... अगदी हळू... म्हणाला, "आत्या?"

बैलांच्या घुंगरांशिवाय काही ऐकू आलं नाही.

घर आलं. जमनाबाई दारातच कंदील घेऊन उभी. तांब्या भरलेलाच. तिनं ललिताबाईच्या पायावर पाणी घातलं, "उतर वो," म्हणाली. मग मागं पाहिलं.

"अन् आत्याबाई?"

"उद्या आनतो."

तांब्यात पाणी उरलं होतं. तिनं ते तुळशीला ओतलं. रतनसिंगानं बैल सोडले, जू जमिनीवर टेकवलं अन् घरात गेला. पुरण तसंच झाकून ठेवलं. रात्रभर तो कूस बदलत होता.

दिवस उगवायच्या आधीच हाक आली. आत्याच्या वस्तीतला हरिसिंग दारात उभा होता.

"रतनभाऊ, चाल. गोमतीकाकी गेली."

"कवा?"

"काल दिवेलागनीले. नवं लुगडं नेसून सकाळपासून ओट्यावर बसली होती, गाठोडं मांडीवर घेऊन. आत चाल म्हनलं तं म्हने, बंडी येऊन राह्यली. मी पाहाले गेलो तं बसल्याबसल्याच... तिच्या उशाशी दिवा म्याच लावला."

रतनसिंगानं खुंटीवरचा कासरा काढला. मग बंडी जुंपायला अंगणात आला.

बंडीचा धुरा आभाळाकडं उभा होता.

रात्री त्यानं स्वतः टेकवलेलं जू डोक्याच्या वर गेलेलं. बंडी मागच्या अंगावर बसलेली. आत कोणी नाही. टोपलीही जमनाबाईनं रात्रीच काढलेली. रतनसिंगानं जू धरून खाली ओढलं. खाली आलं. हात सोडला... सावकाश वर गेलं.

उदयसिंग रेल्वेतला माणूस. त्यानं वाकून चाकं पाहिली, आख पाहिला, गवत उपसून काढलं. काही नाही. दोघा भावांनी लोंबकळून जू टेकवलं. सोडलं. वर गेलं. हरिसिंग दोन पावलं मागं सरला.

कुंपणापलीकडं लतीफाचाची उभी होती. बांगड्या भरणारी म्हातारी, वस्तीतली सगळ्यात जुनी. गोमतीबाईसंगं लहानपणी याच अंगणात खेळलेली. ती कधीची हे सगळं पाहत होती. तिनं बंडीच्या मागच्या कडेकडं पाहिलं, डोक्यावरची ओढणी नीट केली, अन् रतनसिंगाला म्हणाली,

"कायले जोर लावून राह्यला, बेटा? ते कशी उतरंल तशी? तुह्या बापासारखा तांब्या घेऊन ये, पायावर पानी घाल, अन् उतर म्हन तिले."