रुईला होल्ड

"ओ दादा! आधी तो पंप खाली ठेवा!"

नदीमनं वळून बघितलं. निळा एप्रन, पायात सेफ्टी शूज, हातात डबा... आणि डोळ्यांत असा राग, जणू त्यानं तिच्याच घरात औषध मारलंय.

"दादा तेवढं नका म्हणू, मॅडम. बाकी काहीबी म्हणा."

"करताय काय?"

"फवारायलोय. दिसना का? अळ्या पडल्यात रुईवर. त्या मेल्या की उपटायची."

उझ्मा चाकणच्या त्या कंपनीत क्वालिटीला होती. गाड्यांचे ब्रॅकेट तपासायची, ओरखडा दिसला की माल बाजूला. नदीम बागेच्या ठेकेदाराकडं, कुरुळीत खोली करून राहणारा. महिनाअखेरीला परदेशी कस्टमर येणार, म्हणून भिंतीकडेची रुई उपटून तिथं लॉन टाकायचं फर्मान निघालं होतं. ज्यावर मुंगीसुद्धा थांबत नाही, असलं बाहेरून आणलेलं गवत! त्याला ही माणसं हिरवळ म्हणतात. आणि याच मातीतून आपसूक वर आलेलं, ते मात्र यांच्या लेखी कचरा. वर पाच जूनला, पर्यावरणदिनी, रोपासोबत फोटो काढायचे. लाज नाही.

"नीट बघितलीय का कधी अळी?" उझ्मानं विचारलं.

"अळीला काय बघायचं?"

"वाका जरा."

तो वाकला. पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची अळी पान खायच्या आधी देठाजवळ चावा घेत होती. पांढरा चीक टपटप गळून गेला, आणि मगच ती कडेनं पान कुरतडू लागली.

"च्यायला... चीक काढून खायलीय!" नदीम पुटपुटला. "हिला शिकवलं कुणी?"

"तेच मला कळत नाही. रोज डबा घेऊन येते बघायला. पुढं काय होतं, ते बघायचंय."

"पण रुई ऱ्हायली, तर माझं काम जातंय, मॅडम."

उझ्मानं एप्रनच्या खिशातून पिवळा टॅग काढला आणि रुईच्या खोडाला करकचून बांधला. होल्ड! कंपनीत त्या टॅगला सगळे टरकून असत. तो लागला, की क्वालिटीवाल्यांनी सोडल्याशिवाय मालाला कुणी बोट लावायचं नाही.

"झाडाला?" नदीमला हसू आवरेना.

"विचारलं कुणी तर माझं नाव सांगा."

विचारलंच. ॲडमिनचे रणजीत साहेब तरातरा आले. "हे अजून इथंच?"

"होल्ड हाय, साहेब. तुमी काढा टॅग, मी न्हाई हात लावत."

साहेबांचा हात पुढं गेला... टॅगवर थबकला... आणि मुकाट्यानं खिशात परतला. "कस्टमर यायच्या आत सोडवून घ्या," एवढंच बोलून ते गेले.

मग दुपारी दोन डबे रुईपाशी उघडू लागले. तिच्या डब्यातला खिमा त्याच्याकडं, त्याची शेंगदाण्याची चटणी तिच्याकडं. अळ्या दिसेनाशा झाल्या, पानांखाली हिरवे मणी लटकले. त्यांवर सोनेरी ठिपके!

"हे सोनं कशापायी असंल?" तो विचारायचा.

"तुम्हीच सांगा."

"मला काय ठावं... तुमच्या कानातल्यासारखं दिसतंय मात्र."

ती मान वळवायची. पण कानाची पाळी लाल व्हायचीच.

कस्टमर यायच्या आदल्या दुपारी एक मणी काळपट झाला, फाटला. ओले, चुरगळलेले पंख बाहेर आले. हळूहळू ताणले गेले... नारिंगी, काळी किनार, पांढरे ठिपके. दोघं श्वास रोखून बघत राहिले. फुलपाखरू उडालं.

"झालं तुमचं?" मागून रणजीत साहेबांचा आवाज. "सोडा आता होल्ड."

उझ्मानं जड हातानं कात्री काढली.

"थांबा!" नदीमनं एक कोवळं पान उलटं केलं. खसखशीच्या दाण्याएवढं पांढरं अंडं. "साहेब, नवा लॉट आलाय. तपासणी बाकी हाय."

"अरे, काम जाईल तुझं!"

"जाऊ द्या. लॉन मी न्हाई टाकत."

साहेबांनी घड्याळ बघितलं; उद्या कस्टमर दारात. मग वैतागून म्हणाले, "ठेवा ते झुडूप! कस्टमरला सांगतो फुलपाखरांची बाग आहे." आणि निघून गेले.

"काम घालवायला निघाला होतात... किड्यासाठी?" उझ्मानं हळूच विचारलं.

"सुरुवात किड्यापासूनच झाली. आता... मला तुमच्यासोबत डबा खायचाय. रोज. रिटायर होस्तोवर."

खिशातला लाल टॅग तिनं फवारणीच्या पंपाला बांधला.

"पंप रिजेक्ट."

"आन् पंपवाला?"

उझ्मानं खिशातून हिरवा 'ओके' स्टिकर काढला, त्याच्या शर्टच्या खिशावर चिकटवला आणि तळहातानं दाबून धरला... लागतो त्याहून जरा जास्तच वेळ.