वारं सुटलं की चित्र थांबायचं

"भुताचं लाव!"

"भुताचं काल झालं की! आज मारामारी!"

पवित्रा आणि अमरसिंहची रिमोटवरून झटापट चालली होती. तेवढ्यात दारातून स्वप्नाली धावत आत आली. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"म्हस मेली! आमची म्हस मेली!"

रिमोट खाली पडला. तिघेही पळत सुटले.

पवित्रा कुरुंदवाडची. मे महिन्याच्या सुट्टीत ती उचगावला सोमशेखरमामाकडे आली होती. अमरसिंह आणि स्वप्नाली त्याच गल्लीतले, तिचे दरवर्षीचे सवंगडी. पण २००९ सालची ती सुट्टी निराळी होती. गल्लीला पेटीचं वेड लागलं होतं!

पेटी म्हणजे टीव्हीशेजारी ठेवायचा वहीएवढा काळा डबा. मामाच्या दुकानात एका मोठ्या कॉम्प्युटरमध्ये शेकडो सिनेमे भरलेले होते. तिथून काळ्या वायरी निघून घरोघरच्या पेट्यांना जोडलेल्या. रिमोट दाबला की हवा तो सिनेमा, हवा तेव्हा! जाहिराती नाहीत, केबलवाल्याची मिनतवारी नाही. मामाचं हे डोकं पवित्राला फार अभिमानाचं वाटायचं. एकच गोष्ट खटकायची. मागच्या वर्षी दिवेलागणीपर्यंत गल्लीत लगोरी रंगायची. यंदा बाहेर चिटपाखरू नसायचं.

स्वप्नालीच्या घरामागे त्यांचा गोठा होता. लोखंडी खांब आणि वर पत्रा. म्हैस खांबाशी आडवी पडली होती. जीभ बाहेर, डोळे उघडे. स्वप्नालीचे वडील हंबीरराव डोक्याला हात लावून बसले होते.

"साप!" सोमशेखरमामा म्हणाला. "उनाचं बाहेर पडत्यात. दुसरं काय असणार?"

जमलेल्यांनी माना डोलावल्या. कुणी म्हणालं, "आधी म्हातारी गेली, आता म्हस. ह्या घराला कुणाची नजर लागली की काय!"

स्वप्नालीने खालचा ओठ चावला. तिची चिमणाआजी पाडव्यानंतर थोड्याच दिवसांनी गेली होती. ह्याच गोठ्यात, शेण काढता काढता पडली. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. वय झालं होतं, कुणी जास्त विचारलं नाही.

पवित्रा मात्र म्हशीच्या मानेकडे बघत होती. गळ्यातली साखळी जिथे टेकली होती तिथले केस करपले होते. साखळीचं दुसरं टोक लोखंडी खांबाला बांधलेलं होतं.

"मामा, हे बघा! केस जळल्यात!"

"घासल्यात गं साखळीनं. पोरींनी असल्या ठिकाणी थांबू नये. जा घराकडं."

मामा एवढं चिडून कधी बोलत नसे. पवित्राला ते विचित्र वाटलं.

दुसऱ्या दिवशी ती आणि अमरसिंह स्वप्नालीकडे गेले. खाटेवर तिचे आकारामआजोबा टीव्हीपुढे बसले होते. पाय निकामी झाल्यापासून त्यांना खाट सोडता येत नव्हती. आजी गेल्यावर तर त्यांनी अन्न टाकलं होतं. तेव्हा मामानेच एक पेटी आणून त्यांच्या टीव्हीला जोडली आणि कुठून कुठून जुन्या कुस्त्या मिळवून त्यात दिल्या. आजोबा पहिल्यांदा उठून बसले ते त्या दिवशी. भाकरी मागून घेतली.

"मार ढाक! हाण!" आजोबा मांडीवर थाप मारत होते. एवढ्यात पैलवान हवेतच थिजला. चित्र थांबलं!

"आलं बघ वारं!" आजोबा करवादले. "वारं सुटलं की पैलवानाचा दगड हुतोय!"

"वाऱ्याचा आन् पेटीचा काय संबंध, आजोबा?" अमरसिंह हसला. "वारं काय वायरीतनं जातंय व्हय?"

पवित्रा हसली नाही. "आजोबा, काल म्हस मेली तवा टीव्ही चालू हुता?"

"हुता की. काल तर लई येळ चित्र थांबलं. मी ह्याच पेटीला शिव्या घालालतो, तवर म्हस वराडली."



"चला," पवित्रा म्हणाली. "स्वप्नाली, तू हितंच थांब. चित्र थांबलं की हाक मार. अमर, आपण गोठ्याकडं. पर कशालाबी हात लावायचा न्हाय. लांब उभं ऱ्हायचं!"

गोठ्याच्या मागच्या भिंतीवर एक छोटा डबा ठोकलेला होता. पुढच्या घरांना चित्र पोचवणारा मामाचा जोडडबा. त्याला वीज लागते हे पवित्राला माहीत होतं. पण ती येते कुठून? तिने मान वर केली. विजेच्या खांबावरच्या तारेला एक आकडा टाकला होता. त्यातून निघालेली बारीक वायर गोठ्याच्या पत्र्यावरून ह्या डब्यापर्यंत आली होती. पत्र्याच्या धारदार कडेवर ती ताणलेली होती.

वाऱ्याची झुळूक आली. वायर कडेवर घासली. पत्र्यावर निळी ठिणगी उडाली.

"थांबलं!" घरातून स्वप्नालीची हाक आली. "चित्र थांबलं!"

पुन्हा झुळूक. पुन्हा ठिणगी. पुन्हा "थांबलं!"

"आयला!" अमरसिंह कुजबुजला. "सगळ्या पत्र्यात करंट उतरतोय!"

"पत्र्यातनं खांबात, खांबातनं साखळीत. वारं न्हाय तवा काहीच न्हाय. म्हणून कुणाला पत्ता न्हाय."

 अमरसिंहचा चेष्टेखोर चेहरा बघता बघता उतरला.

"काय झालं रे?"

"पवे... आजी पडली तवा आमच्यात पिक्चर चालू हुता. मधीच थांबला. बाबा तरातरा तुझ्या मामाकडं भांडायला निघाला. वाटंत त्याला गोठ्यात आजी पडलेली दिसली." त्याने पत्र्याकडे बघितलं. "तवाबी वारं हुतं."

मागे पावलं वाजली. स्वप्नाली घराच्या मागच्या दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती रडली नाही. नुसती त्या लोखंडी खांबाकडे बघत राहिली. शेण काढताना आजी वाकली की उठताना त्याच खांबाचा आधार घ्यायची, अनवाणी पायांनी, ओल्या जमिनीवर.

पवित्रा तडक मामाकडे गेली.

"मामा, गोठ्यावर तुमी आकडा टाकलाय. त्याची वायर सोललीय. पत्र्यात करंट येतोय!"

वायर गुंडाळणारा मामाचा हात थांबला.  मग हळू आवाजात म्हणाला, "तात्पुरता हाय तो. जोडणी मिळंपर्यंत. उद्या काढतो."

"उद्या न्हाय, आत्ता काढा! म्हस त्यानंच मेली. आन् आजी..."

"गप!" मामा ओरडला. मग आवाज उतरवून म्हणाला, "कुणापाशी बोलू नगंस, पवित्रा. धंदा बसंल माझा. आपल्या घरचा इषय हाय."

लहानपणी खांद्यावर बसवून जत्रेला नेणारा मामा तो हाच!  पण पवित्रा वळली आणि बाहेर पडली.

तिघांनी घरोघर धाव घेतली. स्वप्नालीचे वडील नवी म्हैस आणायला पेठ वडगावच्या बाजारात गेले होते. अमरसिंहचे वडील बाळासो सिनेमात गढलेले.

"बाबा, गोठ्यात करंट हाय!"

"हां हां. एवढी मारामारी संपू दे, मग बघू."

पुढच्या घरातही तेच. त्याच्या पुढच्याही. प्रत्येक दारातून निळा उजेड, आणि आत पाठमोरी माणसं. "पोरांनू, आवाज नगा करू! ऐकू येईना!" कुणी मानसुद्धा वळवली नाही.

"माणूस मेलं तरी हे उठायचे न्हाईत!" अमरसिंह दात खाऊन म्हणाला. आणि आपण काय बोललो हे कळून त्याने जीभ चावली.

दुपार कलली. पश्चिमेकडे आभाळ काळवंडलं. वळवाचा वारा सुटला. धुळीचा लोट उडाला, आणि त्यातूनच टेंपो गल्लीत शिरला. हंबीरराव नवी म्हैस घेऊन आले होते! मामा म्हैस उतरवायला हात लावत होता.

"काका, गोठ्यात बांधू नका!" पवित्रा धावली. "पत्र्यात करंट हाय!"

"कसला करंट? बाजूला हो पोरी, म्हस बुजंल. पाऊस यायच्या आत बांधू दे."

पवित्राने मामाकडे बघितलं. त्याला सगळं माहीत होतं. एक शब्द बोलला असता तर पुरे होतं. मामाने तोंड उघडलं... आणि मान खाली घातली.

त्या क्षणी पवित्राच्या मनात काहीतरी तुटलं.

"तुमी दोघं त्यांना अडवा!" ती ओरडली आणि उलट्या दिशेने पळत सुटली. सरळ मामाच्या दुकानात! तो मोठा कॉम्प्युटर घरघरत होता. तिने भिंतीतली पिन धरली आणि ओढून काढली.

घरघर थांबली.

सगळ्या गल्लीतल्या टीव्हींवरची चित्रं एकाच वेळी थांबली. आणि मग दारं उघडली! "ए सोम्या! काय झालं?" "ऐन मोक्याला घालवलास की!" माणसं तावातावाने बाहेर आली. मामाला शोधत सगळे गोठ्याकडेच वळले.

तिथे स्वप्नाली आणि अमरसिंह गोठ्याच्या तोंडाशी हात पसरून उभे होते. पुढे म्हशीचा दोर धरून हंबीरराव संतापले होते. "स्वप्ने, सर बाजूला!"

"न्हाय सरणार!" स्वप्नाली किंचाळली. "मला मारा, पर न्हाय सरणार!"

"पिन मी काढली!" पवित्रा गर्दीत घुसून ओरडली. "तुमी टीव्हीपुढनं उठत नव्हता, म्हणून काढली! आता बघा. त्या पत्र्याकडं बघा!"

वाऱ्याचा मोठा झोत आला. पत्रा थडथडला. काळ्या आभाळाखाली निळ्या ठिणग्यांची माळ सगळ्यांनी बघितली.

आरडाओरडा थांबला. बाळासो धावत घरी जाऊन मोटरीचा टेस्टर घेऊन आला. पायात रबरी बूट घालून त्याने टेस्टरचं टोक हळूच खांबाला टेकवलं. बारीकसा लाल दिवा पेटला.

हंबीररावांच्या हातातला दोर गळाला. म्हैस दोन पावलं मागे सरकली.

"कुणाची वायर ही?" कुणीतरी विचारलं. उत्तराची गरज नव्हती. सगळे सोमशेखरमामाकडे बघत होते.

मामानेच फोन काढला. त्याने वीज केंद्राला लाईन बंद करायला सांगितलं. लाल दिवा विझला, तेव्हा त्या शांततेत स्वप्नालीचा आवाज आला.

"बाबा, आजीपण अशीच गेली न्हवं?"

 बाळासोने डोळ्यांवर हात ठेवला. हंबीरराव मामाच्या अंगावर धावले, पण मधेच थांबले आणि तिथेच मातीत बसून लहान मुलासारखे रडू लागले. मामा म्हणाला, "हंबीरदा, चूक माझी हाय. मी पोलिसांकडं जातो." आणि कुणाकडे न बघता तो चालू लागला.

दुसऱ्या दिवशी वीज मंडळाची माणसं आली आणि सगळ्या काळ्या वायरी उतरवून घेऊन गेली. मामावर गुन्हा नोंदला गेला. सरपंचांनी तिघांना चावडीवर बोलावून नारळ दिले. "ह्या पोरांमुळं म्हस वाचली, आन् किती माणसं वाचली ते देवालाच ठावं!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाळासो पुढे झाला. "मी उठलो असतो तर पोरांना हे करावं लागलं नसतं," एवढंच बोलून त्याने अमरसिंहला जवळ ओढलं.

पवित्राला तो नारळ जड झाला होता. चावडीवरून ती एकटीच निघाली. कालपर्यंत हाका मारणाऱ्या बायका तिला बघून कुजबुजत होत्या. कुणी कौतुकाने, कुणी सोमशेखरची भाची म्हणून. स्वप्नालीच्या दारापाशी तिची पावलं अडखळली.

आत टीव्ही बंद होता. आकारामआजोबा भिंतीकडे बघत बसले होते.

"कोण हाय?"

"मी, आजोबा. पवित्रा." ती उंबऱ्यातच थांबली. "तुमची पेटी गेली माझ्यामुळं."

"पेटीचं काय घिऊन बसलीस! माझी चिमणा कशानं गेली, ते तुमी पोरांनी सांगितलंसा. मोठ्यांनी न्हाय. लई धाडस केलंस, पोरी. सख्ख्या मामाच्या इरुद्ध हुभी ऱ्हायलीस."

पवित्रा रडू लागली. "मामाला माफ कराल, आजोबा?"

आजोबांनी बंद टीव्हीकडे बघितलं. बाहेर स्वप्नाली आणि अमरसिंहची पावलं वाजली.

"न्हाय," आजोबा म्हणाले. "आज तरी न्हाय जमायचं." मग त्यांनी खाटेवर थोडं सरकून जागा केली. "पर तू बस की हितं."