जरा ससा व्हाल का?

"अहो, शिडीवरचे... तुम्ही जरा ससा व्हाल का?"

शिडीवरच्या माणसाच्या हातातला दिवा पडता पडता राहिला. त्यानं वाकून खाली पाहिलं. प्रदर्शनाच्या रिकाम्या दालनात, एका हातात ब्रश आणि दुसऱ्या हातात काळ्या रंगाची वाटी घेऊन एक मुलगी उभी होती. चेहरा अगदी गंभीर. थट्टेचा मागमूस नाही.

"होईन की," तो म्हणाला. "पण गाजराचं काय?"

"गाजर नाही. चहा मिळेल."

तो उतरला. चहासाठी ससा झालेला जगातला तो पहिलाच माणूस असावा.

आता ही सशाची काय भानगड, ते सांगायला हवं. ही मुलगी ज्यांच्याकडे काम करायची, त्या बाई म्हणजे मोठ्या नावाजलेल्या चित्रकार. त्यांच्या चित्रांत वर्षानुवर्षं तीच मंडळी यायची, कार्टूनमधून उठून आल्यासारखी गुबगुबीत आणि चकचकीत. तोंड वासून रडणारी पोरगी भोकाड, अर्धा डोळा उघडा ठेवून झोपणारा हत्ती डुलक्या, स्वतःच्याच शेपटीत पाय अडकलेली खार शेपटीअक्का, आणि सगळ्यांचा लाडका अडीचकान्या ससा. या वेळी बाईंनी त्यांचे मोठाले पुतळे केले होते. नियम एकच. पात्रांनी प्रेक्षकांकडे बघायचं नाही, सगळ्यांनी सशाकडे बघायचं. दालन बदललं की प्रत्येकाची जागा बदलायची, म्हणून पुतळे कोऱ्या डोळ्यांनी यायचे आणि मांडून झाल्यावर त्यांची बुबुळं रंगवली जायची. ते काम या मुलीचं. सगळे तिला बुबुळच म्हणत. हल्ली तिची आईसुद्धा फोनवर "जेवलीस का गं, बुबुळ?" असं विचारू लागली होती.

नेमका या खेपेला ससाच आला नव्हता. वाटेत त्याचा अर्धा कान तुटला होता, तो दुरुस्तीला गेला होता. आणि बाईंनी तर बजावून ठेवलं होतं, "या वेळी मी मधे पडणार नाही. डोळे नीट उतरले, तर पुढच्या सगळ्या गावांना प्रदर्शनाबरोबर तू जायचंस. नाही उतरले, तर कार्यशाळेत रंगाचे डबे धुवायला जागा आहेच."

"या खोक्यावर बसा," ती दिवेवाल्याला म्हणाली. "चौथऱ्यावरचा ससा एवढाच उंच आहे."

तो निमूट बसला. तिनं काळ्या कागदाच्या दोन टिकल्या भोकाडच्या डोळ्यांवर चिकटवल्या, जरा सरकवल्या, मागे गेली, पुन्हा पुढे आली. टिकल्यांची नजर त्याच्यावर नेमकी बसली की तिथं रंग भरायचा.

थोड्या वेळानं तो म्हणाला, "गुडघे दुखतात हो. उभा राहिलो तर चालेल?"

"चालेल," ती म्हणाली. खरं तर चालणार नव्हतं.

पण तो उभा राहिला, आणि वरच्या दिव्याचा पिवळा उजेड त्याच्या चेहऱ्यावर पडला. उजव्या डोळ्याखाली एक बारीक तीळ होता. एवढा वेळ दिसला कसा नाही?

"घरी काय म्हणतात तुमच्या कामाला?" तिनं टिकली सरकवत विचारलं.

"बाबा रोज विचारतात, काय दिवे लावलेस आज? मी सांगतो, पिवळे."

ती इतकी हसली की ब्रश बाजूला ठेवावा लागला.

"असं हसताना डोळे रंगवू नका," तो म्हणाला. "भोकाड रडायची थांबेल."

"आणि सशानं बोलायचं नसतं."

"बरं... नुसतं बघितलं तर?"

ती पुन्हा टिकलीकडे वळली. कानाच्या पाळ्या मात्र तापल्या. भोकाडनंतर शेपटीअक्का झाली, मग डुलक्याचा अर्धा डोळा. बोलता बोलता कळलं की दिवेही प्रदर्शनाबरोबर गावोगाव जातात, आणि दिव्यांबरोबर तो. त्या दिवसापासून पुढची गावं तिला फक्त कामासाठी हवी होती, असं म्हणणं खोटं ठरलं असतं.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी सकाळी ससा आला. कान नवाकोरा. त्याला मधोमध चौथऱ्यावर बसवलं आणि बाई दालनात शिरल्या. कमरेवर हात ठेवून त्यांनी एक फेरी मारली.

"बुबुळ, ही मंडळी कोणाकडे बघताहेत गं?"

तिनं वळून पाहिलं. सगळे डोळे सशाच्या डोक्यावरून पार वर, रिकाम्या हवेत लागले होते.

"दिवेवाले, खाली या. सशाच्या मागे उभे राहा."

तो येऊन उभा राहिला. भोकाड, शेपटीअक्का, अर्ध्या डोळ्यानं डुलक्यासुद्धा, सगळे थेट त्याच्या तोंडाकडे बघत होते. बिचारा लाजेनं लाल झाला.

सशाचा चौथरा बुटका आलाय, असं तिला म्हणता आलं असतं. चौथरा थोडाच बोलणार होता! पण तिच्या तोंडून निघालं ते भलतंच.

"माझी चूक आहे, बाई. ससा... लक्षातच राहिला नाही. मी यांच्याकडे बघत होते. बुबुळंही तिकडेच गेली."

"चौथरा मी कालच मोजला होता," बाई शांतपणे म्हणाल्या. "पूस सगळं. संध्याकाळपर्यंत कर. मग ठरवू."

दिवसभर ती मान वर न करता राबली. जुनी बुबुळं पुसताना डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं रंगाच्या वासावर ढकललं. संध्याकाळी शेवटची टिकली निघाली तेव्हा दिवेवाला शिडीवरून उतरून जवळ आला.

"एक सांगायचंय. माझे गुडघे... ठणठणीत आहेत."

"म्हणजे?"

"खोक्यावर बसलो की भोकाडच्या पोटाआड तुम्ही दिसत नव्हतात. म्हणून उभा राहिलो."

"माझं काम जायची वेळ आली, आणि हे आत्ता सांगताय?"

"बाईंना दुपारीच सांगितलं. त्या म्हणाल्या, मला काय सांगता, तिला सांगा."

तेवढ्यात बाई आल्याच. एकेका पात्रासमोर थांबत त्यांनी सगळे डोळे तपासले.

"पुढच्या गावाचं तुझंही तिकीट काढायला सांगते," त्या म्हणाल्या. "पण सशाचं खोकं सगळ्यांत आधी पोचेल. यांना पुन्हा ससा करायचं नाही." आणि त्या निघून गेल्या.

"मग आता मी कोण व्हायचं?" त्यानं हळूच विचारलं.

"कोणी नाही. तुम्ही... तू आहेस तसाच मला आवडतोस."

बोलून झाल्यावर तिला घाबरायला झालं. तो हसला, बाजूला सरकवलेल्या त्या जुन्या खोक्यावर जाऊन बसला आणि शेजारी जागा केली. ती बसली. भोकाड, शेपटीअक्का, डुलक्या, सगळे डोळे लावून सशाकडे बघत होते. बाईंचा नियम त्या दिवशी तिला पहिल्यांदाच मनापासून आवडला. तिनं त्याचा हात हातात घेतला. दालनात एवढी मंडळी होती, पण या दोघांकडे कोणीच बघत नव्हतं.