न परतलेली हाक

हे खरं घडलं आहे. तरी 'खरं' हा शब्द लिहिताना माझा हात अडखळतो, कारण माझा माझ्यावरच फारसा भरवसा कधी नव्हता. या पानावर तुम्ही लिहिता ते मी आवडीने ऐकत आलो. स्वतः लिहीन असं वाटलं नव्हतं.

भुताच्या गोष्टी रात्री घडतात म्हणे. ही भर दुपारी सुरू झाली. लख्ख उन्हात, सुट्टीवर आलेल्या हसऱ्या माणसांच्या गर्दीत.

मेहुण्याने हट्टाने आम्हा दोघांना जहाजाच्या सहलीला नेलं होतं. माझी बायको शाळेत शिक्षिका होती. मैदानाच्या या टोकावरून तिने हाक मारली की त्या टोकाची पोरं जागच्या जागी थिजायची. हल्ली मला बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून रोज संध्याकाळी ती मला वाचून दाखवायची. माझं सगळं वाचन तिच्या गळ्यातून व्हायचं.

त्या दिवशी जहाज एका बेटाजवळ थांबलं. छोट्या होड्यांनी आम्हाला धक्क्यावर सोडलं. दीपगृह पाहिलं. काचेच्या तळाच्या बोटीतून मासे पाहिले. मेहुणा तोंडात नळी धरून पाण्यात उतरला आणि खोकत वर आला.

"आता शेवटचं," तो म्हणाला. "बोलणारी गुहा! भावजी, ते पुस्तक ठेवा पिशवीत. वाचता येत नाही, तर निदान भिजवू तरी नका."

गुहा समुद्रातच होती. बोटवाला म्हातारा होता. आत शिरल्यावर त्याने इंजिन बंद केलं. एकदम गारवा... छतावरून टपकणारं पाणी... टप... टप...

"एकेकाने हाक मारा," तो म्हणाला. "आवाज आत जाऊन परत येतो. सगळ्यांचा आला की बोट फिरवतो. त्याआधी नाही."

मेहुणा ओरडला, "शाब्बास रे पठ्ठ्या!"

गुहेने त्याला शाबासकी परत दिली. बोटीत हशा पिकला. मग बाकीच्यांनी हाका मारल्या. मी नुसता पुटपुटलो, तर तेही परत आलं.

शेवटी बायकोने तोंडाशी हात धरले.

"अहोऽऽऽ!"

हाक आत गेली...

आणि आली नाही.

टपकणारं पाणीसुद्धा थांबलं होतं.

"बघ ताई," मेहुणा म्हणाला, "तुझ्यापुढे गुहासुद्धा हाताची घडी, तोंडावर बोट!"

सगळे हसले. बोटवाला हसला नाही.

"थांबू या. येईल."

आम्ही थांबलो. बराच वेळ. बाहेर जहाजाचा भोंगा वाजला. लोक चुळबुळ करू लागले.

"काका, जहाज सुटलं तर पाठीवर घेऊन पोहणार का तुम्ही आम्हाला?" मेहुणा वैतागला.

"आत गेलेलं मागे टाकून आम्ही बोट काढत नाही, दादा." मग म्हातारा माझ्याकडे वळला. "पण माणूस तुमचं आहे. तुम्ही सांगाल तसं."

सगळी बोट माझ्याकडे बघू लागली. चारचौघांत बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळूला चिकटते. बायको गळ्यावर हात ठेवून आतल्या अंधाराकडे बघत होती.

"चला," मी म्हणालो.

उतरताना बोटवाल्याने माझा दंड धरला.

"हाक मागाहून आली, तर ओ देऊ नका. बाईंचे ओठ समोर हललेले दिसले, तरच द्या."

जहाजाकडे परतताना मी तिला विचारलं, "घाबरलीस का गं?"

तिने तोंड उघडलं.

आवाजच नव्हता.

जहाजावरच्या डॉक्टरांनी तपासलं. घरी आल्यावर घशाच्या मोठ्या डॉक्टरांनी तपासलं. गळा ठणठणीत. बायको पाटीवर लिहून बोलू लागली. संध्याकाळी आम्ही दोघं मिटलेलं पुस्तक मध्ये ठेवून बसायचो. घर इतकं शांत झालं की भिंतीवरच्या घड्याळाचा राग यायचा.

मग एका सकाळी मी कपाटातली पुस्तकं पुसत होतो...

"अहो!"

स्वयंपाकघरातून. तिचाच आवाज. तोच तो जरा त्रासिक हेल.

"ओ!" मी आनंदाने ओरडलो. चाळीस वर्षांची सवय. ओठ बघायचं भानच राहिलं नाही.

धावत गेलो. स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. बायको मागच्या गॅलरीत कपडे वाळत घालत होती, माझ्याकडे पाठ करून. माझी चाहूल लागून ती वळली. तिचे ओठ हलले.

आणि मग... पापणी लवायला लागतो तेवढ्या उशिराने... आवाज आला.

"काय झालं?"

तिने दचकून स्वतःच्या गळ्याला हात लावला. मग रडायलाच लागली. मीही. थोडा उशीर काय, माझे कान म्हातारे झाले असतील. मी स्वतःची समजूत घातली.

मेहुण्याला फोन केला. "ताई परत आली!" तो नाचलाच. मग त्याने व्हिडिओ कॉल लावला आणि म्हणाला, "तुमच्याकडे रेंज नाही वाटतं, भावजी. तोंड आधी हलतंय, आवाज मागून येतोय."

म्हणजे दोष माझ्या कानांचा नव्हता.

उशीर रोज थोडा वाढत गेला.

एका संध्याकाळी ती मला वाचून दाखवत होती. मी डोळे मिटून ऐकत होतो. प्रकरण संपायच्या आधीच खुर्ची सरकल्याचा आवाज आला. डोळे उघडले. ती पुस्तक मिटून दूध तापवायला आत गेली होती.

वाचन चालूच होतं.

माझ्या खुर्चीशेजारी. संथ, स्वच्छ. प्रकरण संपलं. आवाज नेहमीसारखा हलकेच खाकरला...

आणि त्याने पुढचं पान सुरू केलं. मिटलेल्या पुस्तकातलं.

मी नंतर भिंग घेऊन पडताळून पाहिलं. शब्द न् शब्द बरोबर होता.

दुसऱ्या दिवशी बायको माझ्याशी भरभरून बोलली. औषध घेतलं का, कपडे बदला, उन्हात बसा. कधी पाठीमागून, कधी शेजारच्या खोलीतून. रात्री जेवताना तिने पाटी पुढे केली.

'आज दिवसभर मी तोंड उघडलेलं नाही.'

तेव्हापासून ती ओठ घट्ट मिटूनच असते. आवाज मात्र थांबत नाही. माझ्याशी तो मायेने बोलतो. हे लिहायला मला सगळ्यात जास्त भीती वाटते, की तो खरंच मायेने बोलतो.

काल मेहुण्याचा फोन आला.

"भावजी, तिकिटं काढली हो! ताईने फोनवर डोकंच खाल्लं. त्याच बेटावर जायचंय म्हणते, सोमवारी. म्हणाली, माझं तिथे काही राहिलंय आणि ह्यांना घेऊनच जायचंय."

बायकोने फोनला हातही लावलेला नाही.

मी तिला सांगितलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला. तिने माझे दोन्ही हात धरले आणि जोरजोरात मान हलवली. नको. नको.

आणि माझ्या कानाशी, अगदी जवळून, तिचाच आवाज हसला.

"तिचं काय ऐकताय, अहो? तिला कुठे बोलता येतं?"

चाळीस वर्षं मी हाच आवाज ऐकत आलो आहे. समोर बायको बसली आहे, ओठ मिटून, माझे हात न सोडता.

या वेळी मी अजून ओ दिलेली नाही.